रात्रीची हेवी गाडी: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि सरळ उत्तरं

रात्रीची मोठी गाडी नुकती हातात घेतलेले, घ्यायचा विचार करणारे आणि त्यांच्या घरचे, तिघंही फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. क्रम वगैरे फार लावलेला नाही, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

रात्रीचा हेवी ड्रायव्हर नक्की करतो काय? नुसतं चालवायचंच असतं ना?

चालवणं मोठा भाग आहे पण सगळं तेच नाही. रात्रीचं बरंचसं काम डेपो ते डेपो असतं. दिवसभराचा माल संध्याकाळी एका जागी गोळा होतो, सॉर्ट होतो, ट्रेलर भरले जातात आणि सकाळी दुकानं गोदामं उघडायच्या आत तो लांबच्या दुसऱ्या डेपोत उतरलेला हवा असतो. पार्सल, दूध, भाजी, औषधं, कारखान्याचे पार्ट, सगळं असंच फिरतं. काही कंपन्यांत दोन ड्रायव्हर निम्म्या वाटेत भेटतात, ट्रेलरची अदलाबदल करतात आणि आपापल्या गावाकडे परत, म्हणजे सकाळी झोप आपल्याच अंथरुणात. असं काम मिळालं तर पगार थोडा कमी असला तरी घ्या, असं माझं मत.

बाकी मग ट्रेलर जोडणं सोडणं, दाराच्या सीलचा नंबर जुळवणं, कागद, गाडी चेक करणं, आणि डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर, वाट बघणं. हे वाट बघणं नवीन लोक हिशोबात धरतच नाहीत. गाडी लावून तीन तास नंबरची वाट बघितली की तो आराम नसतो, कारण कधी हाक मारतील माहीत नाही, झोप लागत नाही, आणि शिफ्टचे तास मात्र जातात. मग ज्या वेळी अंग सगळ्यात जड झालेलं असतं नेमकी त्याच वेळी गाडी हायवेला लागते.

दिवसापेक्षा रात्री सोपं असतं असं म्हणतात, खरंय का?

ट्रॅफिक कमी, टायर गार राहतात, क्लच ब्रेकची मारामारी कमी, वेळेचा अंदाज बरोबर येतो. इथपर्यंत खरं. पण रस्त्याची कामं रात्रीच काढतात, त्यामुळे ऐनवेळी लेन बंद आणि डायव्हर्जन, आणि डायव्हर्जनच्या रस्त्यावर तुमच्या उंचीचा पूल निघाला की बसा. पिऊन चालवणारे रात्रीच जास्त. बिनालाईटची उभी गाडी, अंधारात चालणारा माणूस, जनावर, हे सगळं दिसतं तेव्हा जवळ आलेलं असतं.

याचा साधा हिशोब करून बघा. लो बीममध्ये साधारण ५०-६० मीटर नीट दिसतं. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच संपले, त्यानंतर भरलेली गाडी चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पन्नासेक मीटर घेते. म्हणजे ८० ला लो बीमवर तुम्ही जेवढं दिसतंय त्याच्या पुढे जाऊन थांबणार. म्हणून समोर कोणी नसेल तेव्हा हाय बीम वापरायचाच, आणि लो बीमवर असाल तर स्पीड कमी. रस्ता मोकळा आहे म्हणून दाबायची हा विचार रात्री उलटा पडतो.

झोप यायला लागली की काय करायचं? काच खाली करून गाणी मोठ्याने लावली तर?

गाडी सेफ जागी लावायची आणि झोपायचं. दुसरं खरं औषध नाही.

काच, गाणी, तोंडावर पाणी, गालात मारून घेणं, मिरची चावणं, हे सगळे उपाय मला माहीत आहेत आणि तुम्हालाही. ब्रिटनच्या लफबरो युनिव्हर्सिटीत जिम हॉर्न आणि लुईस रेनर या दोघांनी १९९० च्या दशकात झोप कमी झालेल्या ड्रायव्हरांना सिम्युलेटरवर बसवून हे तपासलं होतं. गार हवा आणि रेडिओचा फरक थोडाच पडला आणि तोही थोडाच वेळ टिकला. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा, कॉफी आणि छोटी डुलकी, आणि दोन्ही एकत्र केल्या तर सगळ्यात जास्त. म्हणजे आधी कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा वीस मिनिटं डोळे मिटायचे. कॅफीन चढायला वीस तीस मिनिटं लागतात, तोवर डुलकी पूर्ण होते आणि दोन्हीचा फायदा बरोबरच मिळतो. अलार्म लावा, कारण अर्ध्या पाऊण तासावर गेलात की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि मग डोकं जड. उठल्या उठल्या चावी फिरवायची नाही. खाली उतरा, गाडीला एक फेरी मारा, दहा पंधरा मिनिटं जाऊ द्या. झोपेतून उठल्यावरचा तो सुस्तीचा वेळ स्टेअरिंगवर घालवायचा नसतो.

आता "डुलकी अचानक लागली, कळलंच नाही" असं अपघातानंतर बरेच जण सांगतात. त्याच दोघांच्या कामात हेही दिसलं होतं की डोळा लागायच्या आधी ड्रायव्हरला झोप येतेय हे कळलेलं असतं, झोपेशी झगडणं चालू असतं, फक्त तो ते मनावर घेत नाही. तुम्ही सीट पुढे मागे करायला लागलात, एकाच बोर्डाकडे दोनदा बघितलं, स्पीड उगाच कमी जास्त व्हायला लागला, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाऊन आली, मागचे चार पाच किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, की समजा वेळ झाली. पुढचा स्टॉप वीस मिनिटांवर आहे तिथे थांबू, असं म्हणू नका, त्याच्या आधी जी पहिली सेफ जागा मिळेल ती. चार सेकंदांची झापड म्हणजे ८० च्या स्पीडला जवळजवळ ९० मीटर गाडी बिनड्रायव्हरची.

पण मला सवय झालीय, मला रात्रीची झोप येतच नाही. मग?

सवय होते ती जागं राहायची. शरीराच्या घड्याळाला सवय होत नाही, किंवा फार थोड्या लोकांना पूर्ण होते. हे घड्याळ पेशींच्या आत चालतं, ते कसं चालतं ते शोधल्याबद्दल २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना मिळालं. ते घड्याळ उजेडावर लावलं जातं आणि तुम्ही रोज सकाळी घरी जाताना ऊन अंगावर घेता, म्हणजे ते पुन्हा दिवसावर सेट. रात्री २ ते ६ मध्ये अंगाचं तापमान खाली असतं, लक्ष कमी होतं, हात उशिरा हलतो. दुपारी २ ते ४ ला छोटा खड्डा असतो तोच, पण रात्रीचा मोठा.

दुसरं म्हणजे किती वेळ जागे आहात. १९९७ साली नेचर मासिकात डॉसन आणि रीड यांचा अभ्यास आला होता, त्यात १७ तास सलग जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा काम करत होता आणि २४ तासांनंतर ०.१० टक्क्यांसारखा. सकाळी ९ ला उठून दिवसभर घरची कामं करून रात्री ९ ला गाडीवर बसलात तर पहाटे २ वाजताच १७ तास भरले. आणि अजून निम्मी शिफ्ट बाकी.

मग दिवसा झोपायचं कसं? उजेड, आवाज, पाहुणे, सगळं चालू असतं

या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, गाडी चालवणं त्याच्या नंतर. रात्र कशी जाणार ते दुपारी ठरतं, आणि माझ्या माहितीतले जे लोक वर्षानुवर्षं हे काम नीट करतायत ते सगळे झोपेच्या बाबतीत हट्टी आहेत, चालवण्यात फार हुशार असतीलच असं नाही.

खोली अंधारी पाहिजे. खरंच अंधारी. जाड काळा पडदा, फटीला टेप, नाहीतर डोळ्यावर पट्टी. फोन दुसऱ्या खोलीत, सायलेंटवर नाही, दुसऱ्या खोलीत. घरच्यांकडे एकच नियम, आग लागली तर उठवा. दारावर बेल असेल तर ती बंद करायची सोय करा. पंखा लावून ठेवला की त्याच्या एकसारख्या आवाजात बाहेरचे आवाज बुडतात.

घरी आल्यावर लगेच झोपा. "आधी जरा मुलांना शाळेत सोडतो, बँकेत जाऊन येतो" करत दुपार होते आणि शरीराची जागं व्हायची वेळ झाली की चार तासांवर झोप टिकत नाही. सलग सात तास दिवसा फार कमी लोकांना मिळतात, त्यामुळे दोन तुकडे करा, सकाळी चार पाच तास आणि शिफ्टला निघायच्या आधी दीड दोन तास. दुसरा तुकडा लोक आळस समजून सोडतात पण पहाटे ४ वाजता तोच कामाला येतो.

डेपोतून घरी जातानाची वाट सगळ्यात वाईट. मोठी गाडी सोडली, जबाबदारी संपली, अंग सैल पडलं, आणि मग स्वतःच्या बाईकवर किंवा कारमध्ये पेंग. ड्रायव्हरचे तास आधीच पूर्ण भरलेले असतात, आणि हा प्रवास त्यात कोणी मोजत नाही. डोळे मिटत असतील तर डेपोतच अर्धा तास झोपून निघा, बस असेल तर बस.

सुट्टीच्या दिवशी परत दिवसाचा माणूस व्हायचं का?

घरी बायको पोरं असतील तर व्हावंच लागतं, तत्त्व काहीही असो. मधला रस्ता असा की सुट्टीतही उशिरा झोपा आणि उशिरा उठा, म्हणजे रात्री दोन तीन वाजता झोपून दहा अकराला उठायचं, त्यात दुपार संध्याकाळ घरच्यांना मिळते आणि घड्याळ पूर्ण उलटं फिरत नाही. सुट्टीनंतरची पहिली रात्र सगळ्यात कच्ची असते. त्या दिवशी दुपारी झोपल्याशिवाय निघू नका.

कायद्याने किती तास चालवता येतं?

देशानुसार वेगळं आहे. युरोपियन युनियनमध्ये आणि ब्रिटनमध्ये साधारण एकच चौकट, साडेचार तास ड्रायव्हिंग झालं की ४५ मिनिटं ब्रेक, तो १५ आणि ३० असा तोडता येतो पण त्याच क्रमाने. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यात दोनदा १० चालतं. आठवड्याला ५६ आणि सलग दोन आठवड्यांना मिळून ९०. रोजची विश्रांती ११ तास, ठरावीक वेळा ९ पर्यंत आणता येते. शिवाय रात्रीच्या कामाचा वेगळा नियम आहे, शिफ्टमध्ये रात्रीचं काम आलं की २४ तासांत सगळं मिळून काम १० तासांवर जायला नको, आणि त्यात लोडिंग वगैरे धरतात, फक्त चालवणं नाही.

अमेरिकेत सलग १० तास सुट्टी झाली की पुढच्या १४ तासांच्या खिडकीत ११ तास ड्रायव्हिंग, आणि ८ तास चालवून झाले की अर्धा तास ब्रेक. ही १४ ची खिडकी डॉकवर बसलात तरी चालूच राहते, तिथल्या ड्रायव्हरांचा राग मुख्यतः यावरच. भारतात १९६१ चा मोटर परिवहन कामगार कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता, त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्याला थोडी सूट, आणि सलग ५ तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती.

एक लक्षात ठेवा, हे सगळे आकडे जास्तीत जास्त किती त्याचे आहेत, तुम्हाला तेवढं झेपेलच असं कायदा म्हणत नाही. साडेचार तास म्हणजे दुपारी काहीच नाही पण रात्री १२ ते साडेचार सलग म्हणजे मी तरी करणार नाही, मध्ये एक दहा मिनिटं उतरतोच.

टॅकोग्राफ (चालवण्याचे आणि विश्रांतीचे तास नोंदवणारं यंत्र) वेळ चुकीची दाखवतोय, बिघडलाय का?

बहुतेक नाही. डिजिटल टॅकोग्राफ आतमध्ये यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत नोंद करतो, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात नाही. हाताने नोंद टाकताना याच्यामुळे एका दोन तासांचा घोळ होतो आणि तपासणीत तोच सापडतो. शिवाय शिफ्ट मध्यरात्री ओलांडते तेव्हा तारीख बदलली म्हणून नवीन दिवस सुरू झाला असं समजू नका, तुमचा दिवस विश्रांतीपासून विश्रांतीपर्यंत मोजतात.

ऑफिसमधून फोन येतो, "पोहोच कसंही, पार्टी ओरडतेय". काय बोलायचं?

भांडायचं नाही आणि कारणांची यादी द्यायची नाही. "मी थकलोय, थांबतोय, इतक्या वाजता निघेन, पोहोचायला इतके वाजतील." एवढंच, आणि शक्यतो मेसेजमध्ये, म्हणजे लेखी राहतं. समोरच्याला खरं तर नवीन वेळ हवी असते, ती मिळाली की तो पुढे फोन करून मोकळा होतो. ओरडेल, ओरडू द्या.

कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. अमेरिकेत थकलेल्या ड्रायव्हरने चालवायला बंदी आहे आणि कंपनीने त्याला चालवायला लावायलाही. युरोपात किती अंतर कापलं किंवा किती माल नेला यावर बोनस देऊन रस्त्यावरची सेफ्टी धोक्यात आणायला मनाई आहे. कागदावरचं सगळीकडे पाळतात असं नाही, पण ज्या कंपनीत थांबलो म्हटल्यावर ट्रिप काढून घेतात ती कंपनी बदला, हेवी लायसन असलेल्याला दुसरीकडे काम मिळतं.

रात्री गाडी चेक करताना काय जास्त बघायचं?

टॉर्च घ्या, मोबाईलचा लाईट नको, चांगली टॉर्च. ट्रेलर जोडला असेल तर सगळ्यात आधी फिफ्थ व्हील, म्हणजे पुढच्या गाडीवरची ट्रेलर जिथे टेकतो आणि अडकतो ती प्लेट. वाकून टॉर्चने बघा, तिचा जॉ (पकडणारा जबडा) किंगपिनभोवती, म्हणजे ट्रेलरखालच्या खुंटीभोवती, बंद झालाय का, ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलवर टेकलीय का, मध्ये फट दिसतेय का. हँडल पूर्ण आत गेलं म्हणजे जोडलं असं अंधारात समजून चालत नाही. मग ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून पहिल्या गिअरमध्ये हलकं ओढून बघा. त्यानंतर एअर लाईन, वायर, आणि ट्रेलरचे टेकूचे पाय वर घेतले का.

टायर काठीने ठोकून बघणं जुनी पद्धत आहे, पूर्ण बसलेला टायर त्यात कळतो पण पंधरा वीस टक्के हवा कमी असलेला कळत नाही. जोडीतला आतला टायर तर रात्री दिसतही नाही, आणि तो कमी हवेचा असला की तापतो, फुटतो, कधी पेटतो. गेजच लावा. वाटेत थांबलात की हाताची पाठ हबच्या जवळ नेऊन फिरा, चिकटवू नका, जवळ न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर ब्रेक घासतोय नाहीतर बेअरिंग गेलंय. मला ही तपासणी सगळ्यात आवडते, मिनिटभराचं काम आहे आणि डोळ्याला न दिसणारं सांगते.

लाईट आणि रिफ्लेक्टर पुसा. चिखलाने माखलेला मागचा लाईट म्हणजे मागून येणाऱ्यासाठी तुम्ही नाहीच. काचही आतून पुसा, आतला तेलकट थर दिवसा दिसत नाही पण समोरचा लाईट आला की सगळी काच पांढरी होते.

माल दुसऱ्यांनी बांधलाय, सील आहे, मग मी का बघू?

कारण सुटला तर गाडी तुमच्या हातात असणार. सील तोडायचं नाही पण बाहेरून जेवढं दिसतं, पट्टे, चेन, ताडपत्री, गाडी एका बाजूला झुकलीय का, तेवढं तरी बघा. जोरात ब्रेक मारला की माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे यायला बघतो, वळणावर बाजूला अर्ध्या पटीने, युरोप आणि अमेरिका दोन्हीकडचे बांधायचे नियम साधारण याच आकड्यांवर आहेत. म्हणजे १० टनाचा कॉइल ८ टनांच्या जोराने केबिनकडे. वजनदार आहे म्हणून हलणार नाही, हे चूक आहे.

निघाल्यावर माल बसतो आणि पट्टे ढिले होतात. म्हणून अमेरिकेत पहिल्या ५० मैलांत, म्हणजे ८० किलोमीटरमध्ये, एकदा उतरून बघायचा नियम आहे. तुमच्याकडे नियम असो नसो, ही सवय लावून घ्या. टँकरवाल्यांचं वेगळंच, अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये ब्रेक मारल्यावर पातळ माल पुढे आपटतो आणि थांबलेली गाडी परत ढकलतो. तिथे सगळंच हळू.

घाट उतरताना ब्रेक गरम झाले तर?

गरम व्हायच्या आधीची गोष्ट आहे ही. उतार सुरू व्हायच्या आत गिअर खाली आणायचा, एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (चाकाचे ब्रेक न वापरता गाडी हळू करणाऱ्या सोयी) लावायचा आणि पायाच्या ब्रेकने फक्त कमी पडेल तेवढं. स्पीड ठरवा, तो ओलांडला की ब्रेक घट्ट दाबून साधारण ८-१० किलोमीटरने खाली आणा, सोडा, परत वाढू द्या. पाय सतत हलका ठेवून उतरलात की लायनर तापतात, ड्रम फुगतो, आणि पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही, ब्रेक ज्या हवेवर चालतात ती भरपूर असूनही. न्यूट्रलवर उतरणं म्हणजे इंजिनची सगळी मदत सोडून देणं, डिझेल वाचवायला करतात, त्यात वाचतं फार थोडं.

ब्रेकची हवा कमी होत गेली तर आधी वॉर्निंग वाजते, मग स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगच्या जोरावर लागणारे) आपोआप लागतात आणि ते तुम्ही म्हणाल तिथे नाही लागत. वॉर्निंग वाजली की बाजूला घ्या.

रात्री उतार किती आहे ते डोळ्याला कळत नाही, हे विसरू नका. समोरच्या गाड्यांचे लाईट किती खाली दिसतात आणि इंजिनचा आवाज कसा बदलतो त्यावरून अंदाज घ्या, आणि बोर्ड वाचा. निसरड्या रस्त्यावर रिटार्डर हलका ठेवा किंवा बंद, रिकामा ट्रेलर असेल तर जास्तच, नाहीतर मागची चाकं घसरून ट्रेलर केबिनच्या बाजूला येतो.

समोरचा हाय बीमवर येतो, डिपर देऊनही ऐकत नाही

त्याच्या लाईटकडे बघू नका, आपल्या बाजूच्या पट्टीकडे बघा आणि स्पीड कमी करा. उलट हाय बीम मारून बदला घेतला तर आता दोघंही आंधळे. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस तीस मिनिटं लागतात आणि झगमगाटानंतर सावरायला वय वाढेल तसा जास्त वेळ लागतो, म्हणून पन्नाशीनंतर दरवर्षी डोळे तपासा. केबिनमधले डिस्प्ले मंद करा. पिवळ्या काचेचे "नाईट ड्रायव्हिंग" चष्मे घेऊ नका, ते उजेडच कमी करतात.

धुकं?

लो बीम, फॉग लॅम्प, स्पीड कमी. हाय बीम धुक्यावर आपटून परत येतो. फार दाट असेल तर रस्ता सोडून पार्किंगमध्ये, कडेला नाही.

जनावर आडवं आलं तर?

सरळ रेषेत ब्रेक. भरलेल्या गाडीचं स्टेअरिंग झटक्यात फिरवलं तर गाडी उलटते आणि मग जनावरही जातं, माणूसही. बोलायला कठोर आहे पण असंच आहे. एक गेलं की मागे दुसरं असतं, लगेच स्पीड वाढवू नका.

रात्री गाडी बंद पडली तर आधी काय?

हॅझर्ड, मग रिफ्लेक्टरचं जॅकेट, मग खाली. ट्रॅफिकच्या उलट्या बाजूने उतरता आलं तर तसं उतरा. त्रिकोण मागे लांब लावायचा, पण प्रत्येक ठिकाणी नाही, ब्रिटनमध्ये साध्या रस्त्यावर किमान ४५ मीटर मागे लावायला सांगतात आणि मोटरवेवर अजिबात लावू नका म्हणतात, कारण तिथे चालत जाण्यातच जीव जातो. आपल्या रस्त्याचा नियम आधी माहीत करून घ्या. आणि गाडीच्या मागे किंवा खाली एकट्याने दुरुस्ती करत बसू नका, रेलिंगच्या पलीकडे उभं राहून मदत बोलवा.

केबिनमध्ये झोपताना काय काळजी?

इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून, बंदिस्त जागेत झोपायचं नाही, आणि केबिनमध्ये गॅस, कोळसा पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेला उठत नाही. पार्किंग हीटर असेल तर त्याचा एक्झॉस्ट वेळेवर तपासून घ्या.

चोरीचं म्हणाल तर उजेडात, इतर गाड्यांच्या शेजारी, मागचे दरवाजे भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला टेकवून लावा. काय माल आहे ते कोणाला सांगू नका, चहाच्या टेबलावर तर नाहीच. रात्री ताडपत्री कापल्याचा आवाज आला तर खाली उडी मारू नका. हॉर्न, लाईट, फोन. मालाचा विमा असतो.

चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक, किती चालतं?

शिफ्टच्या पहिल्या निम्म्यात घ्या. कॅफीनचा निम्मा भाग उतरायलाच पाच सहा तास लागतात, पहाटे ४ ला घेतलेला मोठा कप सकाळी ९ ला तुमच्या उशीशी बसलेला असतो. जागं राहायच्या गोळ्या कोणी देत असेल तर घेऊ नका, त्या झोप संपवत नाहीत, लपवतात, आणि उतरल्या की एकदम कोसळवतात. सर्दीच्या औषधाचंही लेबल वाचा, बरीच औषधं पेंग आणतात.

जेवण कधी?

मोठं जेवण शिफ्टच्या आधी. मध्यरात्रीनंतर थोडं थोडं, हलकं, कारण रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही आणि भरलेलं पोट झोप आणतं. घरून डबा नेला की निम्मा प्रश्न सुटतो. पाणी कमी पिऊ नका, लघवीला थांबावं लागेल म्हणून बरेच जण पीत नाहीत आणि मग मुतखडा.

तब्येतीवर खरंच एवढा परिणाम होतो?

होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये "बहुधा कॅन्सरला कारण ठरतं" अशा गटात टाकलं आणि २०१९ मध्ये परत तपासून तिथेच ठेवलं. घाबरून नोकरी सोडा असं नाही, पण वजन, बीपी, शुगर दरवर्षी बघा.

माझ्या मते ड्रायव्हरांमध्ये सगळ्यात दुर्लक्ष होतं ते घोरण्याकडे. झोपेत श्वास अडकतो, माणूस क्षणभर जागा होतो, परत झोपतो, असं रात्रभर, आणि त्याला काहीच आठवत नाही, फक्त आठ तास झोपूनही थकलेला उठतो. जाड मान, मोठं घोरणं, उठल्यावर डोकं दुखणं, आणि शेजारी झोपणारा म्हणतो "तुझा श्वास थांबतो", हे असेल तर स्लीप टेस्ट करा. लायसन जाईल या भीतीने लोक जात नाहीत. सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावून झोपणारे कितीतरी ड्रायव्हर व्यवस्थित काम करतायत, आणि मशीन लागल्यावर पहिल्यांदा नीट झोप झाली असं सांगतात.

बायका हे काम करू शकतात का?

करतायत. पॉवर स्टेअरिंग, ऑटो गिअर आल्यापासून ताकदीचा मुद्दा फारसा उरलेला नाही. खरी अडचण थांबायच्या जागेची, उजेड असलेला, कडी लागणारा टॉयलेट. रूट ठरवताना आधी ते बघा आणि कंपनीला थेट विचारा, उत्तर देताना चाचरले तर समजून जा.

एकटेपणा येतो का?

कोणाला येतो, कोणाला तीच शांतता हवी असते. फोनवर बोलत राहिलं की जागं राहता येतं हा समज आहे, हँड्सफ्री असला तरी डोकं दोन ठिकाणी असतं. ब्रेकमध्ये बोला.

पहिली रात्र आहे, बरोबर काय घेऊ?

टॉर्च आणि तिचे जास्तीचे सेल, रिफ्लेक्टर जॅकेट, चांगले ग्लोव्ह्ज, टायर गेज, काच पुसायचं फडकं, पाणी, डबा, जाड चादर, डोळ्याची पट्टी, फोनचा चार्जर, औषधं असतील तर ती, कोरडे मोजे. आणि गाडीची उंची मोठ्या अक्षरात कागदावर लिहून डॅशवर चिकटवा, पहाटे ३ वाजता पुलासमोर उभं राहून आठवायला लागत नाही.